वीज कंपनीने हवामान धोरणावरच्या लॉबिंगचा (म्हणजे कायदे आपल्या बाजूने वळवण्यासाठीच्या प्रयत्नांचा) खर्च जाहीर करावा, असा आग्रह भागधारक का धरतात?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचं प्रकरण बघा. २०१९ मध्ये तिथे 'हाउस बिल ६' हे विधेयक मंजूर झालं. दोन अणुवीज केंद्रांना एक अब्ज डॉलरहून जास्त मदत, तीही ग्राहकांच्या बिलातून. वर अक्षय ऊर्जेचं बंधन सैल केलं. त्यासाठी कंपनीकडून सुमारे ६ कोटी डॉलर राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांच्या गोटात गेले, तेही देणगीदारांची नावं गुप्त ठेवता येणाऱ्या 'ना-नफा' संस्थेतून. २०२१ मध्ये कंपनीने २३ कोटी डॉलर दंड मान्य केला, शिवाय अशा संस्थांना दिलेले पैसे वेबसाइटवर टाकायची अटही. हाउसहोल्डरना २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. म्हणून कंपनीच्या अहवालातली 'नेट झिरो'ची (निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या वचनाची) गुळगुळीत पानं मी नंतर वाचतो; आधी व्यापारी संघटनांना आणि अशा संस्थांना किती दिले आणि त्याला संचालक मंडळात मंजुरी कोण देतं, ते शोधतो.