दाखला वडिलांचा, फी माझी

प्रश्न : ताई नमस्कार. मी 26 वर्षांची, मूळ गाव निफाड तालुक्यात, पण सहा वर्षं झाली नाशिकच्या सिडकोत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि अंबड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात साडेतेरा हजार पडतात. बारावी आर्ट्स झालंय. तेव्हा घरात भावाची फी आधी भरली गेली आणि माझं राहिलं ते राहिलंच. आता पदवी करायचीय. एका कॉलेजात चौकशी केली तर म्हणाले, स्कॉलरशिपसाठी वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणा. वडील माझ्यावर एक रुपया खर्च करत नाहीत, लग्नाला नाही म्हटलं म्हणून दोन वर्षं बोलतही नाहीत, मग दाखला त्यांचा कशाला? मुलींना शिक्षण फुकट झालंय म्हणतात, ते मला लागू होतं का? की पतसंस्थेचं कर्ज काढून, नोकरी सोडून रेग्युलर कॉलेज करू?
— एक वाचक, सिडको

उत्तर : अगं, नोकरी सोडू नकोस आणि कर्ज तर अजिबात काढू नकोस, हे आधी सांगून टाकते. तू फीचा विचार करतेयस पण तुझ्या बाबतीत खरा खर्च पगार बुडण्याचा आहे. साडेतेरा हजारांनी वर्षाचे 1,62,000 होतात, तीन वर्षं घरी बसलीस तर 4,86,000 गेले, आणि खोलीभाडं, गॅस, किराणा काही थांबणार नाही, वर पतसंस्थेचा हप्ता. शिवाय रेग्युलरला 75 टक्के हजेरी मागतात, ती शिफ्टमध्ये काम करून जमत नाही.

दाखल्याचं तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला जाणारी मुलगी 24 वर्षांची झाली की सरकारी मदतीच्या फॉर्मवर आईवडिलांचं उत्पन्न विचारतच नाहीत, तिचं स्वतःचं किती ते बघतात. आपल्याकडे मात्र लग्न न झालेली मुलगी कितीही वर्षांची असो, कमावती असो, आईवडील हयात असले की साधारणपणे त्यांचंच उत्पन्न धरतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण तुझ्यासारख्या मुली एमआयडीसीत खूप आहेत. पण यंदाचा प्रवेश त्यासाठी अडवून ठेवू नकोस.

फुकट शिक्षणाचं म्हणशील तर 2024-25 पासून ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ झालीय ती इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सना, तेही कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेशफेरीतून, प्रवेश आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. साधं बीए-बीकॉम त्यात येत नाही.

आता खरी गोष्ट. जिच्यासाठी राज्यभरातून लोक नाशिकचा पत्ता शोधतात ती सोय तुझ्या शहरातच आहे ना! यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, 1989 साली सुरू झालेलं, गंगापूर धरणाकडे. त्याचं ब्रीदच ज्ञानगंगा घरोघरी. तुला तिथे रोज जायचं नाहीये, जवळच्या एखाद्या कॉलेजातलं अभ्यासकेंद्र निवडायचं, बारावीवर बीए किंवा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो, मराठीतून शिकता येतं आणि पुस्तकं स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात. ही पदवी यूजीसीची मान्यता असलेली आहे, एमपीएससीलाही चालते, कुणी हसलं तर हसू दे.

फी वर्षावर्षाची भरायची असते, म्हणून तीन वर्षांचा आकडा एकदम डोक्यावर घेऊ नकोस. मैत्रिणींबरोबर भिशी असेल तर तुझा नंबर प्रवेशाच्या महिन्यात, जून-जुलैत, लावून घे. लाडकी बहीणचे दीड हजार येत असतील तर ते बाजूला ठेव, वर्षाचे 18,000 होतात. परीक्षेच्या दिवसांत शिफ्ट बदलून लागेल किंवा ओव्हरटाइम बुडेल, त्याचेही थोडे पैसे आधीच धरून ठेव, बऱ्याच जणी फी भरतात आणि मग पेपरच्या दिवशी सुट्टी परवडत नाही म्हणून अडकतात.

आणि एक गोष्ट कंपनीत कुणी सांगत नाही. तुझी जून आणि डिसेंबरची पगाराची स्लिप काढून बघ, त्यात कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात दिसेल. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते आणि मंडळाच्या शिक्षणाच्या योजना कामगाराच्या मुलांसाठी असतात तशा खुद्द कामगारासाठीही असतात. इथे वडिलांशी संबंध नाही, कामगार तू आहेस. नाशिकमधल्या कामगार कल्याण केंद्रात स्लिप घेऊन जा आणि मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्यांना काय मदत मिळते ते स्पष्ट विचार. कपात दिसत नसेल तर कॉन्ट्रॅक्टरला विचार, लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे.

महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या, स्कॉलरशिपचा नादही सोडू नकोस, फक्त त्या भरवशावर प्रवेश घेऊ नकोस कारण पैसे मागाहून येतात आणि बरेचदा खूप मागाहून. फी भरायच्या आधी अभ्यासकेंद्रावर विचार की तुझा कोर्स त्या यादीत दिसतो का आणि तुझ्या जातप्रवर्गाला उत्पन्नाची मर्यादा किती, एससीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, स्कॉलरशिपला अडीच लाख आहे, मुख्यतः खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू योजनेला 8 लाख, म्हणजे फरक मोठा आहे. दाखल्यासाठी वडिलांशी तूच बोललं पाहिजे असं नाही. आई, काका, भाऊ कुणीतरी तलाठ्याकडून अहवाल घेऊन सेतूत अर्ज करू शकतं. तुझी फी मागे राहिली म्हणून भावाची भरली गेली, त्यालाच सांग की, एवढं करायला काय हरकत आहे. गावी जावंच लागलं तर एसटीत आपल्याला निम्मंच तिकीट आहे. आणि बँक खातं आधारशी सीड, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हावेत म्हणून जोडलेलं, झालंय का ते बँकेत विचारून ये, नुसतं केवायसी पुरत नाही, त्यावाचून पैसे अडकतात.

एका वर्षात डिग्री देतो म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्या हातात रोख एक रुपया देऊ नकोस. फी विद्यापीठाच्या वेबसाइटवरूनच भर आणि पावती जपून ठेव. येत्या सुट्टीला बारावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि दोन फोटो घेऊन अभ्यासकेंद्रावर जा, आणि कुठला विषय घेतलास ते मला कळव.