आबांच्या गाडीची किल्ली

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आबांचं वय झालं, आता त्यांनी गाडी चालवू नये म्हणून गाडीची किल्लीच लपवायची, असं तुमच्या घरात चाललंय हे तुझ्या पत्रात वाचून काळजी वाटली. तसं होऊ देऊ नकोस. आबा किल्ली शोधून काढतील, नाहीतर दुसरी करून घेतील, आणि पुढं तुमच्यातल्या कुणाचंच ऐकणार नाहीत.

आधी त्यांच्या शेजारी बसून एकदा कोल्हापुरातून कागलच्या शेतापर्यंत जाऊन ये. ताराराणी चौकात मान वळवून बघतात की नुसत्या आरशावर भागवतात? डावीकडून घुसणारी मोपेड वेळेत दिसते का? ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा मीटरच्या पुढं जाते, तिथं क्षणाची चुकामूकही महागात पडते. आबा "मला स्वच्छ दिसतं" म्हणतात ते खोटं नसतं. काचबिंदू बाजूची नजर इतकी हळूहळू खातो की ज्याची त्यालाच कळत नाही.

म्हणून आधी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. मोतीबिंदूच असेल तर शस्त्रक्रियेनंतर बराच फरक पडतो. झोपेच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन गाडी चालवलेली चालते का, तेही डॉक्टरांना विचारा. "लायसन्स आहे की अजून!" असं आबा म्हणतीलच. पंचावन्नच्या पुढं ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. वैद्यकीय दाखला त्या दिवसाचा असतो, नजर पुढंही उतरत राहते.

बोलायचं ते एकानंच, तेही पाहुण्यांसमोर नाही. "गाडी सोडा" म्हणू नकोस, "रात्रीची नको" एवढंच म्हण. गळीत हंगामात अंधार पडल्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागं कित्येकदा लाल दिवाही नसतो. हे आबांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांच्याच तोंडून निघू दे. दिवसा रंकाळ्यापर्यंत खुशाल जाऊ देत.

गाडी गेली की नेमकं काय जातं, ते मात्र नीट विचार. शेतावर हवं तेव्हा जाणं, गंगावेशीत पहाटे धारोष्ण दूध पिणं, जुन्या मित्राकडं कुणाला न विचारता टेकणं. त्यातल्या प्रत्येकाची सोय ठरलेल्या वाराला, ठरलेल्या माणसावर टाका. "सांगा, कुणीतरी सोडेल" यावर आबा कधीच सांगणार नाहीत. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट आहे, पण तो पर्याय पुढं करण्याआधी त्यांच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपते का ते बघ.

एका बाबतीत मात्र सबुरी नको. रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, किंवा ब्रेकऐवजी एक्सलेटर दाबला गेला, तर त्याच दिवशी गाडी थांबवायची आणि डॉक्टरांकडं न्यायचं. तेव्हा आबा रागावले तरी चालेल.

तसं काही दिसलं नसेल तर एक-एक गोष्ट घे. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतील, त्याआधी कागलच्या रात्रीच्या फेरीचं तेवढं ठरवून टाक आणि मला कळव.

तुझा,
काका