पाहिले काय आणि ठरवले काय?

प्रश्न : मी पदवीच्या विद्यार्थ्यांना सांस्कृतिक मानवशास्त्र शिकवते. क्षेत्रकार्यासाठी आम्हाला एकच सत्र मिळते. विद्यार्थी उत्साहाने जातात, वीस-पंचवीस जणांकडून प्रश्नावली भरून आणतात आणि अहवालात ‘येथील लोक समाधानी आहेत’, ‘परंपरा जपली जाते’ अशी वाक्ये लिहितात. ती चुकीची आहेत असे म्हणता येत नाही, पण त्यांतून काही कळतही नाही. सुरुवात कोठून करून द्यावी?

उत्तर : ही वाक्ये निरीक्षणे नाहीत, निष्कर्ष आहेत, आणि पुष्कळदा ते विद्यार्थ्याने घरून निघतानाच मनाशी बांधलेले असतात. म्हणून पहिले तीन-चार आठवडे प्रश्नावली बाजूला ठेवावी, मुलाखतही घेऊ देऊ नये, आणि जेथे कोणालाही जाऊन बसता येते अशा एखाद्या जागी तासभर बसून केवळ दिसेल ते लिहून काढायला सांगावे, असे माझे मत आहे.

माझ्या दोन विद्यार्थ्यांनी एकदा एकाच खिडकीपुढची रांग एकाच वेळी पाहिली. एकाने लिहिले, ‘लोक शिस्तीत उभे होते, काही जण कंटाळले होते.’ दुसरीने लिहिले, ‘राखाडी सदरा घातलेले गृहस्थ पिशवी खाली ठेवून बाहेर गेले. रांग पुढे सरकली तेव्हा मागच्या बाईंनी ती पिशवी पायाने पुढे लोटली. असे तीनदा झाले. गृहस्थ परतले आणि पिशवीमागे उभे राहिले. कोणी हरकत घेतली नाही. नंतर एक तरुण आपली वही ठेवून गेला. ती कोणी हलवली नाही आणि परत आल्यावर त्याला शेवटी जाऊन उभे राहावे लागले.’ ही दोन्ही टिपणे वाचून दाखवली तेव्हा वर्गात प्रश्नांची झुंबड उडाली. पिशवीने जागा राखली जाते, मग वहीने का नाही? गृहस्थ जाताना बाईंशी काही बोलले होते का? वयाचा यात काही भाग आहे का? त्या विद्यार्थिनीकडे उत्तरे नव्हती, परंतु पुढच्या खेपेस कशावर नजर ठेवायची हे तिला पक्के कळले होते. पहिल्या टिपणातून मात्र पुढे जायला वाटच नव्हती.

हा फरक व्याख्यानाने अंगवळणी पडत नाही. टिपणवहीच्या डाव्या पानावर दिसलेले आणि ऐकलेले, उजव्या पानावर आपल्याला वाटलेले, अशी विभागणी करायला लावावी आणि प्रत्येक वही स्वतः ओळीओळीने वाचावी. ‘कंटाळले होते’ हे डाव्या पानावर आढळले, तर समासात एवढेच लिहावे : ‘कशावरून?’ हे काम वेळखाऊ आहे याची मला जाणीव आहे, तरीही शिक्षकाचा सर्वाधिक वेळ येथेच खर्च व्हावा आणि अंतिम अहवालापेक्षा या वह्यांना अधिक गुण असावेत, असे मी आग्रहाने सांगेन. 1915 ते 1918 या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर दोनदा दीर्घ मुक्काम करून गावातच तंबू ठोकून राहिलेले मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनीही 1922 मधील त्या बेटांवरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात हीच अपेक्षा ठेवली आहे : प्रत्यक्ष पाहिलेले व लोकांनी सांगितलेले एकीकडे आणि लेखकाचे अनुमान दुसरीकडे, यांमधली रेघ वाचकाला स्पष्ट दिसली पाहिजे.

मुलाखत त्यानंतर. नवख्यांचा आवडता प्रश्न ‘तुम्ही असे का करता?’ हा असतो आणि त्यावर बहुधा समर्थन मिळते, वर्णन मिळत नाही. मुलाखतीच्या पद्धतीवर लिहिणारे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी सुचवलेली रीत अधिक फलदायी आहे : ‘कालचा तुमचा दिवस सकाळपासून कसा गेला ते सांगाल का?’ असे विचारावे, आणि एखादा शब्द अडला तर त्याचा अर्थ न विचारता तो केव्हा व कोणापाशी वापरतात ते विचारावे.

संमतीचा विषय मात्र पहिल्याच तासाला घ्यावा. आपण कोण आहोत, काय लिहून घेत आहोत आणि ते कोण वाचणार आहे, हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे. नकार मिळाल्यास तो कारण न विचारता स्वीकारता आला पाहिजे. चोरून ध्वनिमुद्रण कधीही करू नये. वहीतही खरी नावे नकोत.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे. लोकांसमोर वही उघडली की ते जपून बोलू लागतात. नंतर आठवून लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालेल, मात्र त्याच रात्री, झोपण्यापूर्वी आणि त्या प्रसंगाविषयी कोणाशीही बोलण्यापूर्वी. एकदा तो दुसऱ्याला सांगितला की आठवणीत प्रसंग राहत नाही, आपण सांगितलेली गोष्ट राहते. समोर असताना दोन-चार खुणेचे शब्द टिपावेत. लिहून घेणे लपवू मात्र नये. वही, पेन्सिल व कॅमेरा अधूनमधून बाजूला ठेवून चाललेल्या गोष्टीत स्वतः सामील व्हावे, असे मालिनोव्स्कीही सांगतात.

केवळ स्मरणावर विसंबण्यासाठी भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचा दाखला अनेकदा दिला जातो, तो पूर्ण सांगितला पाहिजे. 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात केलेल्या क्षेत्रकार्याच्या टिपणांवर त्यांनी अठरा वर्षे संस्कार केले होते, म्हणजे ती लावून नीट लिहून काढली होती. 1970 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लावल्या गेलेल्या आगीत त्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या आणि त्यांनी त्या गावावरचा ग्रंथ आठवणींच्या आधारे लिहिला. त्या आठवणींमागे इतक्या वर्षांचे लिहिणे आणि पुन्हापुन्हा वाचणे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तिन्ही प्रती एकाच खोलीत होत्या, म्हणून तिन्ही गेल्या. आपली दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा.