गॅसचा वॉटर हीटर काढावा का?

प्रश्न: आम्ही सॅन होजेला राहतो, गॅरेजमधला गॅसच्या वॉटर हीटरचा टँक जुना झालाय, खालून गंजलाय पण. सगळे म्हणतात हीट पंप घ्या, पण सासूबाईंना सकाळी कढत पाणी लागतं, पुरेल का?

उत्तर: पुरेल, पण टँक एक साइझ मोठा घ्या, आत्ता 50 गॅलनचा असेल तर 65 चा, कारण हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे साधारण 3 युनिट उष्णता मिळते खरी, पण पाणी तापायला गॅसपेक्षा जास्त वेळ लागतो. गॅरेज उत्तमच, थोडं गार होईल, फॅनचा आवाज येईल, आणि निथळणाऱ्या पाण्याला ड्रेन लागेल एवढंच. खरी गोची वायरिंगची. बऱ्याच मॉडेल्सना 240 व्होल्टची वेगळी लाइन लागते, घरचं ब्रेकर पॅनल भरलेलं असेल तर खर्च चांगलाच वाढतो, मग 120 व्होल्टचं साध्या प्लगवालं बघा, स्लो असतं जरा. बिल फार कमी होईल असं मात्र धरू नका, कॅलिफोर्नियात वीज महाग आहे हो! हीट पंपवर मिळणारं फेडरल टॅक्स क्रेडिटही 2025 अखेर संपलं, लोकल रिबेट तेवढं विचारून घ्या. आणि टँक फुटायची वाट बघू नका, ऐन वेळी येणारा प्लंबर बहुतेक गॅसचाच बसवून जाईल.