सव्वीस मिनिटे कोणाची?

प्रश्न : आमच्या गटातल्या सात जणांना एकच काम करायला किती मिनिटे लागली, ते मी लिहून ठेवले : १७, १४, ९२, १२, १८, १४, १५. सरासरी २६ आली. साहेब म्हणतात, ‘या कामाला २६ मिनिटे लागतात’ असे अहवालात लिहा. सहकारी म्हणतो, मध्यक, म्हणजे मधला आकडा, घ्या. त्याने तो १२ काढला. खरे कोणते धरायचे? की ९२ सरळ गाळून टाकू?

उत्तर : गाळू तर मुळीच नका. ज्याची ती नोंद आहे त्याला आधी विचारा. २९ चे ९२ तर लिहिले गेले नाहीत ना? तसे असेल तर सरासरी एकदम १७ वर येते. मध्यक मात्र जागचा हलत नाही.

आता मध्यक. सहकाऱ्याने आकडे लिहिले होते त्याच क्रमाने घेऊन मधला उचललेला दिसतो. वह्या तपासताना ही चूक मला हमखास सापडते. चढत्या क्रमाने लावा : १२, १४, १४, १५, १७, १८, ९२. चौथा आकडा १५, तोच मध्यक.

साहेबांचे गणित बरोबर आहे, वाक्य चुकले आहे. २६ मिनिटांच्या आसपास एकालाही लागलेली नाहीत. सहा जण २६ च्या खाली आहेत, १४, १२, १२, ११, ९ आणि ८ मिनिटांनी, बेरीज ६६. आणि ९२ वाला एकटाच ६६ ने वर! सरासरी ही नेहमी अशीच दोन्ही बाजूंचा हिशेब चुकता करते, म्हणून एक टोकाचा आकडा तिला ओढून नेतो.

म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. सात जणांचा मिळून किती वेळ गेला, हे साहेबांना हवे असेल तर २६ गुणिले ७, म्हणजे १८२ मिनिटे. मध्यकावरून १०५ येतील आणि नियोजन कोसळेल. पण ‘साधारण माणसाला किती वेळ लागतो?’ असा प्रश्न असेल तर १५ च सांगा.

मध्यकाचे कैवारी, इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांची १९०७ ची गंमत इथे सांगायलाच हवी. एका बैलाच्या वजनाबद्दल लोकांनी केलेले ७८७ अंदाज त्यांनी तपासले. मध्यक १,२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन १,१९८. नंतर सरासरी काढली, तर ती १,१९७! तेव्हा मध्यकच नेहमी सरस, असेही समजू नका.

बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद, तुम्ही विचारलेला नाही, ते बरेच केलेत. १४ दोनदा आले म्हणून तो १४, इतकेच. सात नोंदींत त्याला फारसे वजन नसते. रक्तगटासारखी माहिती असली, जिथे बेरीजही होत नाही आणि क्रमही लागत नाही, तिथे मात्र त्याच्यावाचून चालत नाही.

अहवालात लिहा : ‘नोंदी सात, मध्यक १५ मिनिटे, सरासरी २६, एका नोंदीत ९२ मिनिटे.’ आणि ९२ चे कारण कळले असेल तर तेही त्याच ओळीत.