सिम सुटलं, आता खरं चॅनल

प्रिय मुली,

ट्रान्सफर ऑर्डर आल्याचं कळलं, अभिनंदन. चार वर्षं प्रयागराजच्या कॉलेजात सिमवर (सिम्युलेटरवर) विमानांचे ट्रॅफिक कंट्रोलर घडवलेस, आता मुंबईत खरं ट्रॅफिक. परवा फोनवर म्हणालीस ना, "सर, रोज शिकवते तेच तर करायचंय", तेव्हा मी काही बोललो नाही, कारण कॉलेजची पोस्टिंग संपवून परत आलो तेव्हा मीपण अगदी हेच म्हणत होतो.

कसं आहे, सिमवरची एक्सरसाइज तूच बनवलेली असते. कितव्या मिनिटाला कुठली दोन विमानं एकमेकांच्या अंगावर येणार ते तुला आधीच ठाऊक, तू मागे उभी राहून फक्त बघायचं की समोरच्या पोराला ते दिसतंय का. खऱ्या ट्रॅफिकमध्ये कॉन्फ्लिक्ट कुणी पेरून ठेवत नाही गं. चार वर्षांत तो स्वतः शोधायची सवय सुटते आणि ती सुटलीय हे कळतही नाही, कारण वर्गात आपलं उत्तर रोज बरोबरच येत असतं.

माझंच सांगतो. परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका विमानाला ११० पर्यंत, म्हणजे अकरा हजार फुटांपर्यंत, डिसेंड दिला, पायलटने १०० असं रीडबॅक केलं (आपली सूचना उलट म्हणून दाखवली) आणि मला चक्क ११० ऐकू आलं, कारण मला तेच ऐकायचं होतं, आणि १०० वर दुसरा बसलेला! शेजारचा ओजेटीआय (प्रत्यक्ष कामावर शिकवणारा कंट्रोलर), माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनियर, त्याने माझ्यावरून ट्रान्समिट करून सुधारलं. मला घाम फुटला. सिमवरचा स्यूडो पायलट, म्हणजे पायलटचं सोंग घेतलेला माणूस, चुकीचं रीडबॅक करतो ते आपण सांगितलं म्हणून, मग आपण कान टवकारून बसलेलोच असतो.

चरखी दादरीची विमानांची टक्कर तू दर बॅचला शिकवली असशील. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ माणसं गेली. सौदीच्या विमानाला १४ हजार फूट, कझाकला १५ हजार, कझाकला समोरच्या ट्रॅफिकची माहितीसुद्धा दिलेली, त्यानेही कळलं म्हणून सांगितलं, आणि तरी तो खाली आलाच. दिल्लीला तेव्हा नुसता प्रायमरी रडार, कंट्रोलरला उंची दिसायची सोयच नव्हती. तुला ती रडारवर विमानाच्या लेबलवर दिसते, तर रीडबॅक बरोबर आलं म्हणून लगेच नजर काढून पुढच्याकडे जाऊ नकोस, विमान सांगितलेल्या लेव्हलला खरंच थांबतंय का ते बघ.

मुंबईचं वेगळं काही सांगायला नको, ०९/२७ आणि १४/३२ एकमेकांना छेदतात म्हणजे नकाशावर दोन रनवे असले तरी कामाला एकच. पावसाळ्यात सीबी (गडगडाटी ढग) उभे राहिले की सगळेच एकदम डेव्हिएशन, म्हणजे वळसा, मागतात, कुणी डावीकडे वीस मैल कुणी उजवीकडे, तुझं सुंदर सिक्वेन्सिंग गेलं कुठल्या कुठे, त्यात एखादा गो-अराउंड, उतरता उतरता परत वर जाणारा. तिथे फ्रीझचं बटण नाही. आणि कारणं सांगत बसायची आपली मास्तरकीची खोड फ्रिक्वेन्सीवर अजिबात नको, वेक्टर (कुठल्या दिशेला वळायचं ते) दे आणि पुढे हो. (टॉवरवर गेलीस की जुहूच्या छोट्या विमानतळाकडे एकदा नीट बघ. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून तिथेच उतरलं होतं, स्वतः बघितल्यावर त्या पायलटला हसावंसं वाटत नाही.)

रेटिंग, म्हणजे त्या स्टेशनवर काम करायची परवानगी, तुला नव्याने घ्यावं लागणार, आधीच्या स्टेशनचं इथे चालत नाही, आणि तुझा ओजेटीआय तुझाच जुना विद्यार्थी निघाला तर नवल नाही. तो बिचारा "मॅडम, मॅडम" करत तुला टोकणार नाही, हीच खरी भानगड. पहिल्याच दिवशी त्याला सांग की बाबा, चुकले तर लगेच थांबव, मान ठेवायचा तर चहाला ठेव. आणि त्याने टोकलं की डॉक ४४४४ चा (आपल्या नियमांच्या पुस्तकाचा) पॅरा काढून वाद घालू नकोस, तुझंच बरोबर असलं तरी, ब्रेकमध्ये बोल.

टेकओव्हरच्या, म्हणजे आधीच्या कंट्रोलरकडून काम हातात घ्यायच्या, आधी दहा मिनिटं लवकर जाऊन मागे उभी राहत जा. शिकवायला नाही, ऐकायला. कोण रडार हेडिंगवर (आपण दिलेल्या दिशेवर) आहे, कुणाला काय प्रॉमिस केलंय, चित्र डोक्यात बसल्याशिवाय हेडसेट लावायचा नाही, समोरचा घरी जायला कितीही घाई करत असला तरी.

बाकी मेडिकल आणि ईएलपीच्या (इंग्रजीच्या परीक्षेच्या) तारखा आत्ताच बघून ठेव, बदलीच्या धावपळीत नेमकं तेच राहतं. आणि घर मरोळ-अंधेरीकडेच बघ, भाडं जास्त पडलं तरी चालेल, नाईट सुटल्यावर विरार लोकलमध्ये लटकायची ताकद उरत नाही.

तुझा,
सर