स्लीव्ह की बायपास? दोन्ही करून बसलेल्या बाईचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की वय ३९, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, सहा वर्षांपासून शुगर आहे आणि ती गोळ्यांवर आहे, रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी लागते, गुडघे धरलेत, आणि आता वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करायचंय. इथले सर्जन स्लीव्ह करा म्हणतात, पुण्याचे बायपास करा म्हणतात आणि तुमच्या नणंदेची मैत्रीण मिनी बायपास करून आलीय. मग नक्की कुठली करू?

ताई, मी कोल्हापूरचीच, शुक्रवार पेठेतली. घरी चटणीचा धंदा आहे (बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला). २०१७ साली माझी स्लीव्ह झाली आणि २०२१ साली त्याच स्लीव्हचा बायपास करावा लागला. म्हणजे हौस म्हणून नव्हे, पण दोन्हींची चव घेतलेली बाई आहे मी. डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

कुठल्या ऑपरेशननं जास्त वजन उतरतं, हेच सगळे आधी विचारतात. मीही तेच विचारलं होतं आणि तिथंच फसले. माझं वजन १०९, उंची पाच फूट एक इंच, शुगर नाही, बीपी थोडं. डॉक्टर म्हणाले, स्लीव्ह करू, आतड्याला हातच लावायचा नाही, तिसऱ्या दिवशी घरी. मला बरंच वाटलं. पोटात दुर्बीण टाकून बघायचं त्यांनी सुचवलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या वेळी मी रात्रीच्या जेवणानंतर जवळजवळ रोज इनो घ्यायची. पण तांबडा रस्सा खाऊन इनो घेणं याला आपल्याकडे आजार कोण म्हणतं? फॉर्मवर ‘ॲसिडिटी आहे का’ या प्रश्नापुढं मी बिनधास्त ‘नाही’ लिहिलं.

स्लीव्हमध्ये पोटाची ७५ ते ८० टक्के पिशवी कापून कायमची बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे पहिलं वर्षभर पोट मागतच नाही. घड्याळ बघून जेवायची मी. चौदा महिन्यांत १०९ वरून ७४ वर आले. महाद्वार रोडवर ओळखीच्या बायका थांबवून विचारायच्या, काय आजारी-बिजारी होतीस की काय गं.

दुसऱ्या वर्षापासून रात्री बिघडायला लागल्या. मोठ्या पिशवीची अरुंद नळी झाली की आतला दाब वाढतो. पोटाचं खालचं दार स्लीव्हमध्ये शाबूत ठेवतात, ते घट्टच असतं. अन्ननलिका पोटाला मिळते तिथली वरची झडप ढिली असली तर आंबट पाणी जाणार कुठं, वरच. मी तीन उशा घ्यायला लागले. मग उशांखाली मिरचीच्या रिकाम्या पोत्यांची घडी. मग मिस्टरांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. तरी दीड-दोनला ठसका लागून उठायची, नाकातोंडात आंबट पाणी, डोळ्यांतून धार, आणि हे पाठ चोळत बसलेत. मार्च-एप्रिलात डंकावर मिरची कुटायला बसल्यावर जो ठसका लागतो ना, तो मला बारा महिने रोज रात्री डंकाशिवाय लागायचा. त्यात जिवाला बरं वाटावं म्हणून थंड दूध, आईस्क्रीम असलं गुळगुळीत खात राहिले. ते त्या नळीतून सरळ खाली उतरतं, पोट भरल्यासारखं वाटतच नाही. वजन परत ८३ झालं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलंच वाक्य काय बोलावं? ‘ऑपरेशनच्या आधीचा दुर्बिणीचा रिपोर्ट दाखवा.’ तो नव्हताच. त्यांनी दुर्बीण टाकली, तर हायटस हर्निया निघाला, म्हणजे पोटाचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा. तो हर्निया आधीपासूनचा की नंतर झालेला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आधी बघितलं असतं तर सांगता आलं असतं.

हे माझ्या एकटीचं नशीब म्हणावं तर तसंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये दोनशेवर रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं स्लीव्ह आणि बायपास असं वाटून पाच वर्षं तपासलं, त्याचे निकाल २०१८ साली आले. जादा वजन उतरण्यात फार फरक पडला नाही, स्लीव्हवाल्यांचं सुमारे ६१ टक्के, बायपासवाल्यांचं ६८ टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो असं त्यांनीच म्हटलंय. पण ज्यांना आधीपासून ॲसिड वर येण्याचा त्रास होता, त्यांच्यात स्लीव्हनंतर तो वाढलेले ३१.८ टक्के निघाले आणि बायपासनंतर वाढलेले ६.३ टक्के. म्हणून तुमच्या प्रश्नातली माझ्यासाठी सगळ्यात मोठी ओळ १०४ किलोची नाही, रोज सकाळच्या त्या गोळीची आहे.

आता बायपास. यात पोटाच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात, लहान आतडं वर ओढून तिला जोडतात आणि उरलेलं पोट आत तसंच ठेवतात. त्या पोटातले आणि पित्ताचे रस खाली दुसऱ्या जोडावर येऊन अन्नाला मिळतात, दोन ओढे एकत्र यावेत तसे. वरच्या छोट्या पिशवीत ॲसिड फारसं तयारच होत नाही आणि पित्तही तिथवर पोचत नाही, म्हणून घसा शांत. माझ्या पलंगाखालच्या विटा ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात निघाल्या, आता त्यावर तुळशीची कुंडी आहे. शुगरलाही बायपासचा हात जास्त लागतो. काहींची शुगर तर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांतच खाली येते. तुमची सहा वर्षांची आणि गोळ्यांवरची आहे, म्हणजे आशा चांगली. इन्सुलिनवर गेलेली पंधरा वर्षांची शुगर एवढी दाद देत नाही.

पण बायपासचं मी नुसतं कौतुक करणार नाही. ऑपरेशनला आठ महिने झाले होते. कागलकडे भाच्यांच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. काहिलीत रस उकळतोय, चुलवाणात चिपाडं पडतायत, अशा वेळी ताज्या उसाच्या रसाला नाही म्हणणारी मी नव्हे. आलं-लिंबू पिळून एक ग्लास घेतला, तोही सावकाश नाही, माणसासारखा. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं ब्लाउज भिजला, पोटात कळ, डोळ्यांपुढं काजवे. चिपाडाच्या ढिगावरच आडवी झाले. भाचेसुना घाबरून वारा घालतायत आणि मला कळत होतं की हे डम्पिंग आहे. गोड एकदम आतड्यात ओतलं गेलं की आतडं असं बंड करतं. अर्ध्या-पाऊण तासात उतरलं. कुणी म्हणेल गोड आपोआप सुटतं, बरंच आहे की. सुटतं खरं, पण पाडव्याला कुणाच्या घरी वाटीभर श्रीखंड पुढं आलं की कारण सांगत बसावं लागतं. स्लीव्हमध्येही काहींना हे होतं, पण बायपासइतकं नाही.

याहून गंभीर गोष्ट तुमच्या गुडघ्यांची. तुम्ही दुखण्यावर काय घेता ते लिहिलेलं नाही. डायक्लोफेनॅक, ब्रुफेनसारख्या गोळ्या बायपासनंतर जवळजवळ बंदच, कारण पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. तुमचा दिवस जर या गोळ्यांशिवाय सरत नसेल तर ते सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा, त्यावरून निर्णय फिरू शकतो. वजन उतरल्यावर गुडघे पुष्कळ हलके होतात हे खरं, पण पहिले चार-सहा महिने काढायचेच असतात. या गोळ्या टाळायच्या म्हणजे काय, हे मला दातवाल्या डॉक्टरांकडे कळलं, त्यांनी सवयीनं गोळी लिहिली आणि मी मेडिकलच्या दुकानात उभी राहून पुन्हा फोन केला. तेव्हापासून पर्समध्ये एक कार्ड ठेवलंय, त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि ‘या गोळ्या नकोत’ एवढंच. त्याच कार्डावर आणखी एक ओळ आहे. बायपासवाल्या माणसाच्या पोटात पुढं कधीही, वर्षांनीसुद्धा, अचानक जोराची कळ आली तर आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकतं, गॅस म्हणून घरी थांबायचं नाही.

आणि मिश्री. डॉक्टर विचारतात, सिगारेट ओढता का. आपण म्हणतो, छे हो, बाईमाणूस. मिश्रीचं कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ती तंबाखूच आहे, जोडावरच्या अल्सरला तेवढीच निमित्त. लावत असाल तर ऑपरेशनच्या आधी सोडा. मला तीन महिने लागले, चिडचिड सगळ्या घरानं सोसली.

मिनी बायपासबद्दल. यात पोटाची लांबट नळी करून आतड्याला एकच जोड देतात. वेळ कमी, वजन छान उतरतं, शुगरही उतरते, आपल्या देशात बरीच होते. पण एकच जोड असल्यानं पित्त वर पिशवीत येऊ शकतं, म्हणजे ज्यांना आधीच रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड वर येण्याचा त्रास, आहे त्यांनी नीट विचारून घ्यावं. शिवाय आतड्याचा मोठा पट्टा वगळला जातो. मी ज्यांच्यासोबत फेरतपासणीला जायची त्यातल्या इचलकरंजीच्या एक बाई पक्क्या शाकाहारी. डाळ एक वाटी, दूध नको, पनीर आवडत नाही. दीड वर्षात पायांवर सूज, प्रोटीन पार खाली, सलाईन लावायची वेळ आली. ऑपरेशन वाईट नव्हतं, त्यांच्या ताटाशी जुळलं नाही. पटलं तर नणंदेच्या त्या मैत्रिणीला विचारा की रोज ६०-७० ग्रॅम प्रोटीन कुठून काढता, आणि उत्तर काय येतं ते बघा.

पोटाला पट्टा बांधायचं ऑपरेशन आता जवळपास मागे पडलंय, सोडून द्या. पोटात ठेवतात तो फुगा साधारण सहा महिन्यांनी काढतात, पुष्कळांचं वजन त्यानंतर परततं. मौंजारोसारखी आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळायला लागलीत, त्याबद्दल मात्र डॉक्टरांशी जरूर बोला, तीही शुगर आणि वजन दोन्हींवर चालतात. थांबवली की वजन चढतं, हे गृहीत धरून महिन्याचा खर्च मांडा.

पैशाचं एक. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साधारण ४१.७ येतो. या ऑपरेशनांच्या सर्जन लोकांच्या संघटनांनी २०२२ साली आशियाई लोकांसाठी ही ऑपरेशनं २७.५ पासून विचारात घ्यावीत असं म्हटलंय, पण विमा कंपन्यांचा नियम वेगळा आहे. त्यांना ४० किंवा वर लागतं, नाहीतर ३५ आणि सोबत गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा औषधांना न जुमानणारी शुगर. तुम्ही ४० च्या वर आहात. म्हणून फाईल टाकायच्या आधी उगीच डाएट करून ३९ वर येऊ नका (आमच्या गल्लीत एकीनं हे केलंय). आधीचे उपाय करून झाले याचे कागद आणि पॉलिसीचा प्रतीक्षा काळ तेवढा बघा. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे लिव्हर आटवायला जे पातळ खाणं देतात ते वेगळं, ते चुकवायचं नाही.

गोळ्या दोन्हींत जन्मभर आहेत, बायपासमध्ये जास्त काटेकोर. बी-१२, लोह, डी, कॅल्शियम, आणि त्यातही लोह व कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास. माझ्या डब्यावर मुलीनं ‘दूधवाला’ आणि ‘धुणीवाली’ असं लिहून ठेवलंय, कारण ते दोघे ज्या वेळी येतात त्या वेळी मी त्या गोळ्या घेते. वर्षातून एकदा रक्त तपासायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ जातात, घाबरू नका, येतात. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, हेही आधीच घरात बोला.

तुमच्या जागी मी असते तर? रोजची ॲसिडिटी आणि शुगर बघता माझा कल सरळ बायपासकडे आहे, पुण्याच्या डॉक्टरांच्या बाजूनं. पण गुडघ्याच्या गोळ्या सुटत नसतील, किंवा दरवर्षी रक्त तपासायला जाणं तुमच्यानं होणार नसेल, तर माझं मत डळमळतं. इथले सर्जन स्लीव्ह का म्हणतात ते त्यांनाच विचारा. दुर्बीण टाकून, झडप चांगली आहे बघून म्हणत असतील तर त्यांच्या बोलण्याला वजन आहे. नुसतं वजनकाट्याकडे बघून म्हणत असतील, तर माझ्या पलंगाखालच्या विटा आठवा.

दुर्बीण आधी करून घ्या, सोबत एच. पायलोरी नावाच्या जंतूची तपासणी सांगा. रिपोर्टात ‘हायटस हर्निया’ किंवा ‘इसोफेजायटिस’ (अन्ननलिकेला सूज) असं काही लिहिलंय का बघा आणि इथंच कळवा. सध्या मिरच्या वाळत घातल्यात, उत्तराला दोन-चार दिवस लागतील.